स्वित्झर्लंडचं 'डिलक्स' पॅकेज आणि शून्य फ्रँकचं तिकीट

मे २०२५ मध्ये आम्ही स्वित्झर्लंडला जाऊन आलो. बर्फ पाहिला, फोटो झकास आले, त्यामुळे "मग फसवलं कुठे?" असं विचारणारे नातेवाईक बरेच आहेत. फसवणूक म्हणजे माणूस पैसे घेऊन गायब होतो, एवढंच आपल्या डोक्यात असतं. आमचा ठाण्यातला एजंट गायब वगैरे झालेला नाही. त्याच गाळ्यात बसतो, फोनही उचलतो. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत लिहिते, कारण तशीच पद्धत वापरणारे इतरही असणार.

त्याने व्हॉट्सअॅपवर तीन रकान्यांचा तक्ता पाठवला होता. बजेट, माणशी १ लाख ३५ हजार. डिलक्स, १ लाख ८० हजार. प्रीमियम, पावणेतीन लाख. बजेटच्या रकान्यात निम्म्या ओळींसमोर लाल फुल्या, डिलक्समध्ये सगळीकडे हिरव्या खुणा. सासूबाई बरोबर, दोन मुलं (एक नऊ वर्षांचं, एक चौदाचं), तेव्हा कुणीही मधलाच रकाना निवडेल. तक्ता त्यासाठीच बनवलेला असतो. पाच जणांचे ९ लाख झाले.

आता त्या हिरव्या खुणा बघा. 'स्विस ट्रॅव्हल पास, ५ व्यक्ती, प्रत्येकी ₹४२,०००.' हा पास खरा असतो आणि उत्तमही असतो. ट्रेन, बस, तलावावरच्या बोटी, सगळं त्यात येतं. पण ६ ते १५ वयाची मुलं आई किंवा वडिलांबरोबर असतील आणि त्या पालकाकडे पास असेल, तर मुलांना फॅमिली कार्ड मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. सहा वर्षांखालच्यांना तर तेही लागत नाही. हे आम्हाला कळलं ल्युसर्नच्या गाडीत. तिकीट तपासनीस आला, सगळ्यांचे क्यूआर कोड स्कॅन केले, मोबाईल परत दिला. धाकटीने स्वतःचं तिकीट मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "आई, माझ्या तिकिटावर किंमत शून्य लिहिलीय." खरंच, तिच्या नावासमोर फ्रँक ०.०० छापलेलं. मोठ्याच्याही. फुकट मिळालेल्या दोन कार्डांचे आमच्याकडून ८४ हजार घेतलेले!

पुढची ओळ, 'रिगी पर्वत, रेल्वेसह, ₹११,०००.' रिगीची डोंगरी रेल्वे पासातच धरलेली असते, वेगळं तिकीट काढावंच लागत नाही. 'ऱ्हाईन धबधबा, प्रवेशशुल्क.' न्यूहाउझेनच्या बाजूने धबधबा रस्त्यावरून चालत गेलं की दिसतो. पैसे पडतात ते बोटीचे आणि पलीकडच्या किल्ल्याच्या बाजूचे. 'यश चोप्रा स्मारक भेट' अशीसुद्धा एक ओळ होती. इंटरलाकेनच्या कुरसाल बागेतला पुतळा! तिथे उभं राहून फोटो काढायला कुणी तिकीट फाडत नाही.

हे झालं फुकटचं विकणं. जे खरंच महाग असतं तिथे उलटा प्रकार. टिटलिस या बर्फाळ डोंगराचं तिकीट डिलक्समध्ये 'कन्फर्म' होतं. पायथ्याच्या एंगेलबर्गला काउंटरवर मी व्हाउचर दिलं. एजंटचा लोगो, खाली गोल शिक्का, आमची नावं. काउंटरवरच्या बाईने कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "बारकोड?" नव्हता. तिकीट काढलेलंच नव्हतं. शेवटी पास दाखवून मोठ्यांची तिकिटं अर्ध्या भावात मिळाली, कारण पासधारकांना टिटलिसला ५० टक्के सवलत असते. म्हणजे एजंटने पूर्ण भाव लावला, तिकीट काढलंच नाही, आणि काढलं असतं तरी त्याला निम्म्यात पडलं असतं. फोन केल्यावर उत्तर तयार होतं, "ताई, तिकडे सिस्टीम इश्यू असेल. तुम्ही आत्ता भरा, आल्यावर अॅडजस्ट करू."

हा 'अॅडजस्ट' शब्द ऐकला की समजून जावं.

सगळ्यात कठीण गेली ती इंटरलाकेनची संध्याकाळ. हॉटेलच्या नावाचं व्हाउचर हातात, बुकिंग क्रमांक त्यावर, आणि रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो तुमचं बुकिंग नाही. होतं, पण रद्द झालंय. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून तारीखच दाखवली. आमचे पासपोर्ट व्हिसा लागून परत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो. तेवढ्यापुरतं फुकट रद्द होणारं बुकिंग करायचं, शिक्का पडला की काढून टाकायचं, आणि ऐनवेळी कुठेतरी स्वस्तात कोंबायचं, असा हा धंदा. आमच्यासाठी त्याने 'तत्सम हॉटेल' म्हणून जे शोधलं होतं ते ऱ्हाईनच्या पलीकडे जर्मनीत होतं. सासूबाई बॅगेवर बसलेल्या, बाहेर पाऊस. आम्ही त्याच गावात दुसरीकडे फॅमिली रूम घेतली, पैसे अर्थात आमचे. एक फ्रँक तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. त्या हॉटेलने चेक-इन करताना सगळ्यांना गेस्ट कार्ड दिलं. त्यावर आसपासच्या बस मोफत. तक्त्यात 'लोकल ट्रान्सफर पास' म्हणून ₹६,५०० लावले होते ते बहुधा ह्याचेच.

व्हिसातही हात मारलाच होता. शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५. धाकटीचे पूर्ण घेतले. वर 'अपॉइंटमेंट चार्ज' माणशी तीन हजार. व्हिसा अर्ज केंद्रावर साधा स्लॉट घ्यायला असे वेगळे पैसे नसतात, आणि व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो. 'गॅरंटी' देणारा एजंट खोटं बोलतो, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आणि टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला कर. परदेशी टूर पॅकेजवर तेव्हा १० लाखांपर्यंत ५ टक्के होता. आमच्याकडून ४५ हजार वेगळे घेतले, पॅन नंबरही घेतला. ही रक्कम आपल्या नावावर सरकारजमा होते आणि रिटर्न भरताना परत मागता येते. एप्रिल ते जूनमध्ये गोळा केलेल्या टीसीएसचं विवरण विक्रेत्याने १५ जुलैपर्यंत भरायचं असतं. ऑगस्टमध्ये फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा तक्ता) उघडला तर आमच्या नावावर काही नाही. "ते वर्षअखेरीला दिसतं," एजंट म्हणाला. आमचे सीए हसले. तेव्हा पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो भलत्याच धंद्याचा निघाला. पैसे ज्या यूपीआयवर गेले ते खातंही फर्मचं नाही, त्याच्या मेहुण्याचं.

एक गोष्ट मात्र त्याच्या तक्त्यामुळे डोक्यात पक्की बसली. त्या देशात खर्च वरखाली होतो तो झोपता कुठे, जेवता काय आणि कुठल्या डोंगरावर चढता यावर. हॉस्टेल किंवा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट, कोऑप-मिग्रोस या सुपरमार्केटांमधून भाजी आणि दही, नळाचं पाणी (ते बिनधास्त पिता येतं), आणि रिगीसारखा पासातला डोंगर, असं केलं तर बऱ्यापैकी कमी पैशांत होतं. महिनाभर चालणारं, तिकिटं अर्ध्या भावात देणारं हाफ फेअर कार्ड हाही एक पर्याय आहे, थोडाच प्रवास असेल तर पासापेक्षा परवडतो. जुंगफ्राउयोखला मात्र खिसा रिकामा होतोच. ३,४५४ मीटरवर जाणारी ती रेल्वे आहे, आणि ट्रॅव्हल पासावर तिथे फक्त २५ टक्के सवलत मिळते. प्रीमियमवाल्यांना पहिला वर्ग मिळतो, पण खिडकीबाहेर सगळ्यांना तेच दिसतं. लाउटरब्रुननच्या दरीतला श्टाउबाख धबधबा कुठल्याही वर्गातून फुकटच.

आम्ही आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस, मग ई-जागृती पोर्टलवर जिल्हा आयोगाकडे अर्ज. पुरावा म्हणून सगळ्यात जास्त कामाला आला तो हॉटेलने पाठवलेला मेल, बुकिंग कधी झालं आणि कधी रद्द झालं ते दोन ओळींत लिहिलेला. दुसरा पुरावा मुलांची शून्य किमतीची कार्डं. नोटीस गेल्यावर एजंटचा निरोप आला, निम्मे देतो, पण गूगलवरचा रिव्ह्यू काढा. आम्ही रिव्ह्यू काढलेला नाही.

ज्यांनी कुणी अशा तीन रकान्यांतला मधला रकाना निवडून अॅडव्हान्स दिला असेल, त्यांनी उरलेली रक्कम देण्याआधी विमानाचा पीएनआर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, पासांच्या पीडीएफवर छापलेली किंमत वाचा, आणि व्हिसा लागल्यावर चार दिवसांनी प्रत्येक हॉटेलला स्वतः मेल करून विचारा की आमचं बुकिंग अजून आहे का. मेल इंग्रजीत लिहिला तरी उत्तर येतं, बहुतेक त्याच दिवशी.