गोव्यात आपली पहिली ७०.३: कोच लावायचा की सरावाच्या तक्त्यावर भागवायचं?

७०.३ म्हणजे अर्धी आयर्नमॅन ट्रायथलॉन शर्यत: सलग १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. सायकल आणि धावण्याचा तक्ता नेटवर फुकट मिळतो, आणि अंगात शिस्त असेल तर पुरतोही. पण दोन दिवस ताप आला की तक्ता गप्प. मग आपण बुडालेलं सगळं रविवारी भरून काढायला जातो आणि सोमवारी पोटरी धरून बसतो. कोच तिथे सरळ सांगतो, "गेलं ते सोड, उद्याचं बघ."

खरा फरक मात्र पाण्यात पडतो. श्वास घेताना मान वर उचलली जातेय, म्हणून पाय बुडताहेत, हे आपल्याला कळतच नाही. काठावरच्या जाणत्या माणसाला दोन फेऱ्यांत दिसतं. शिवाय तलावात तळाची पट्टी बघून सरळ जाणारा समुद्रात भरकटतो. दर काही हातांनी डोळे वर काढून बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) हेरायची सवय मुद्दाम लावावी लागते.

पैसे बेताचे असतील तर पोहण्यापुरता कोच घ्यावा, बाकी तक्ता. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच पीडीएफ धाडणाऱ्या 'कोच'पेक्षा तर फुकटचा तक्ताच बरा.