एच अँड एन फिनाले मॅच ४.५०: टूलरूमवाल्याच्या काट्यावर

पुतणी बालेवाडीत दहा मीटर एअर रायफल शिकते. छर्रे आणायचं, मोजायचं आणि निवडायचं काम माझ्याकडे आहे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये तपासणी विभागात नोकरी झाली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचं माप घ्यावंसं वाटतं. ‘काका, तुम्ही मोजत बसा, मी नेम धरते,’ असं ती म्हणते. वाटणी मला मान्य आहे. ह्या वेळी एच अँड एन ह्या कंपनीची फिनाले मॅच ही छर्र्यांची डबी आणली, तिच्याबद्दल हे लिहितो आहे.

परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना घरी काडतुसं भरायची हौस वाटते. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. यंत्रकाम आवडणाऱ्या माणसाला त्यात गोडी वाटणारच, मलाही वाटते. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि तो तुमच्याआमच्या गच्चीवरच्या खोलीसाठी नसतो. पुण्यात हे काम खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून चालू आहे, तिथेच ते शोभतं. शिवाय आपले नेमबाज ज्या पॉइंट टू टू रायफलीने पन्नास मीटरवर खेळतात, त्या काडतुसाची पेटवणारी रसायनं बुडाच्या कडेतच भरलेली असतात. ठोका बसला की कड चेपते. ते पुन्हा भरायची सोयच नसते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य जिंकलं, ते ह्याच काडतुसावर. ह्या खेळातली वरची मंडळी काडतुसं भरत नाहीत, कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जुळेल तो लॉट उचलतात.

छर्र्यांच्या बाबतीत हे निवडीचं काम घरी, कायद्यात राहून करता येतं. बोअर (नळीचं आतलं माप) ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल जेमतेम साडेसात ज्यूलची असते. वयाचा आणि ओळखीचा पुरावा मात्र दुकानदार मागतो, आणि मागायलाच हवा.

आता डबीकडे येतो. फिनाले मॅच जर्मनीची. ५०० छर्रे, चपट्या तोंडाचे, म्हणजे कागदावर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं. रायफलीसाठीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असा वेगवेगळ्या डब्यांत मिळतो. आमच्याकडे आली ती ४.५० ची.

वजनासाठी सराफी काटा हवा, मिलिग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला काटा इथे निकामी. व्यासासाठी मायक्रोमीटर लावू नका. शिसं इतकं मऊ असतं की रॅचेटचा एक टक आवाज झाला की मागचा पातळ घेर चेपलेला असतो, आणि मग तुम्ही छर्रा मोजत नसता, स्वतःचा अंगठा मोजत असता. ओळखीच्या टूलरूममधून मी एक कडक पोलादी रिंग गेज, म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेली कडी, करून घेतलं आहे. छर्रा डोक्याच्या बाजूने अलगद सोडायचा. अडतो की घसरतो, एवढंच बघायचं.

फिनाले मॅचच्या डबीत हलक्यात हलका आणि जडात जड छर्रा ह्यांत फरक काही मिलिग्रॅमांचाच निघाला. डोकी गेजवर जवळजवळ सारखी बसली. तुलनेसाठी एक स्वस्त देशी डबी घेतली होती (नाव सांगत नाही, शेजारच्या दुकानातली दुसरी कदाचित बरी असेल). तिच्यात हाच फरक तीस मिलिग्रॅमच्या आसपास होता, आणि तळाशी शिशाचा भुगा.

तीस मिलिग्रॅमने काय होतं, ह्याचा हिशेब मी कागदावर मांडला. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने निघतो, दहा मीटर जायला सेकंदाचे सहा शतांश लागतात. तेवढ्यात तो सतरा मिलिमीटर खाली येतो. वजनात साडेपाच-पावणेसहा टक्के फरक पडला आणि हवेचा जोर तोच राहिला, तर ह्या घसरणीत सुमारे एक मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ अडीच मिलिमीटरवर असतं आणि दशांशातला प्रत्येक टप्पा पाव मिलिमीटरचा. म्हणजे फक्त वजनापायी ०.३ ते ०.४ गुण. साठ शॉटच्या स्पर्धेत वर चढणाऱ्याला हे भारी पडतं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे कोणीही काटा काढून बसेल.

पण नवशिक्याचे शॉट सात-आठवर पडत असतात, म्हणजे मध्यापासून पाच ते दहा मिलिमीटर दूर. तिथे हा एक मिलिमीटर कुठे हरवतो ते शोधूनही सापडणार नाही. म्हणून वर्गात नाव घातल्याबरोबर पोराच्या हातात महागडी डबी देणाऱ्या पालकांकडे बघून मला गंमत वाटते. महागात महाग छर्रे तर एकेक खाचेत बसवलेले येतात, पेढ्यांच्या बॉक्ससारखे.

मग स्वस्तच घ्यावं का? तेही नाही. देशी डबीत मला खटकलं ते वजन नव्हे, चेपलेले घेर. मागचा घेर हवेच्या दाबाने फुगून नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) बसतो. तो एका बाजूने दबलेला असेल तर हवा निसटते आणि छर्रा कुठेही जातो. असा भरकटलेला शॉट पडला की मुलीला वाटतं चाप आपण ओढला. कोच तिची बोटं दुरुस्त करतो, आणि दोष तर डबीत. शिकणाऱ्याचं खरं नुकसान इथे होतं. त्यामुळे माझं मत असं: सुरुवातीला कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची मधल्या भावाची मॅच डबी घ्या, ती कापडावर पसरून चेपलेले छर्रे बाजूला काढा, वजन करत बसू नका. शॉट नऊच्या आत यायला लागले की मग फिनाले मॅच, आणि मग काटा.

रायफल स्टँडवर बांधून कोचांनी दोन्ही डब्या झाडून दाखवल्या. देशीचं भोक पसरट, कडेला एकदोन वेगळी. फिनाले मॅचची सगळी एकाच भोकात, कडा जरा कुरतडल्यासारखी, तेवढंच. मी वजनाप्रमाणे निवडलेल्या आणि न निवडलेल्या फिनाले मॅचमध्ये मात्र कागदावर फरक दिसला नाही. माझी मेहनत त्या डबीत फुकट गेली, आणि हीच त्या डबीची स्तुती समजा.

तक्रार एकच, किमतीची. देशीच्या कित्येक पट पडते, आणि सरावाला छर्रे पाण्यासारखे जातात. एकाच लॉटच्या दोनतीन डब्या दुकानदाराकडून बाजूला ठेवून घेतल्या तर बरं, पुढची खेप कशी येईल सांगता येत नाही.

शिशाबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. सराव चालू असताना चिवडा-बिस्किटं नकोत. उठल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मग डबा उघडायचा. गच्चीवर सराव करणाऱ्यांनी पक्की लोखंडी पेटी लावून शिसं त्यातच गोळा करावं, कोरड्या झाडूने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पुतणीच्या नळीला ४.४९ जास्त मानवेल असा कोचांचा अंदाज आहे. ती डबी सांगून ठेवली आहे, दुकानदार म्हणतो गणपतीनंतर येईल.