शेपटीवरची काळी रेघ

‘फोर चॅनेल, रेडी टू फ्लाय, बॅटरी-चार्जरसकट फक्त ५,४९९ रुपये.’ मोबाइलवरच्या जाहिरातीत रिमोटवर उडणारं छोटं विमान गिरक्या घेत होतं. बेचाळिशीत लहानपणची हौस उफाळून आली आणि मी ऑर्डर टाकली. कॅश ऑन डिलिव्हरी आहे, म्हणजे काळजी नाही असं वाटलं. पैसे हातात पडल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत, हे डिलिव्हरीवाला दारात आल्यावर कळलं.

सांगलीबाहेरच्या माळावर जाऊन हातातून सोडलं. चार सेकंद सरळ गेलं, मग वाऱ्याने उचलून शेजारच्या उसात टाकलं. पाऊण तास शोधताना पाल्याने हात चिरले ते वेगळंच. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, “सर, नवीन माणसाचं असंच होतं. सराव करा.” आणि मला ते पटलं! सराव करता करता परतीचे सात दिवस उलटून गेले.

माळावर एक काका फोमची विमानं उडवायला येतात. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. “एलेव्हेटरची काडी मागं ओढा बघू.” एलेव्हेटर म्हणजे शेपटीची आडवी हलणारी पट्टी, तिने विमानाचं नाक वर-खाली होतं. काडी ओढली. शेपटी ढिम्म. काकांनी तिच्यावरून नख फिरवलं. जिला मी बिजागरीची फट समजत होतो, ती नुसती छापलेली काळी रेघ होती.

फोर चॅनेल म्हणजे थ्रॉटल (मोटारीचा वेग), एलेव्हेटर, रडर (शेपटीची उभी पट्टी) आणि एलेरॉन (पंखांच्या कडेच्या पट्ट्या), चारही वेगवेगळे चालायला हवेत. माझ्या विमानाला पंखांवर दोन मोटारी, बस्स. एक मंद झाली की वळायचं, दोन्ही जोरात फिरल्या की चढायचं. वारा पडलेला असताना पोरांना मजा येईल असं खेळणं. खेळणं म्हणून विकलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

बॅटरीवर ७.४ व्होल्टचं स्टिकर होतं. काकांनी ते सोललं, खाली ३.७. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, तिचा एक सेल ३.७ चा, म्हणजे ७.४ ला दोन सेल हवेत, आणि अशा बॅटरीला जाड तारांशिवाय तीन बारीक तारांची एक पांढरी पिन असते. माझ्या बॅटरीला सगळ्या मिळून तारा दोन. स्टिकर न सोलताही हे दिसत होतं, पण बघणार कोण?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पार्सलवरचं नाव आणि जाहिरातीतलं नाव निराळं निघालं. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा बायकोच्या नंबरवरून त्याच माणसाला मेसेज केला : काडी हलवताना शेपटी हलतेय असा जवळून व्हिडिओ पाठवा, शेजारी आजचा पेपर ठेवून. दोन निळ्या टिका आल्या आणि नंबर ब्लॉक झाला. जाहिरात मात्र आज सकाळीही दिसली, आता ४,९९९ ला.