जीवामृत की वेस्ट डीकंपोजर? ठिबक असेल तर आधी हे वाचा

डाळिंबाचे तीन बहार मी जीवामृतावर काढले, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात आंबवून केलेल्या द्रावणावर. त्यानंतर वेस्ट डीकंपोजरवर आलो, म्हणजे बाटलीत मिळणाऱ्या, गुळाच्या पाण्यात वाढवायच्या जिवाणूंच्या विरजणावर. कृती दोन्हींची बहुतेकांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही.

एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट व्हायला हवी. दोन्हींना खत समजू नका. 200 लिटर जीवामृतात 10 किलो शेण असतं, त्यातून एकराला नत्र मिळून मिळणार किती? हे विरजण आहे. दूध, म्हणजे शेणखत, पालापाचोळा, आच्छादन, आधीपासून रानात असावं लागतं.

जमिनीचा फरक मला दोन्हींनी सारखाच जाणवला. आच्छादन बाजूला सारलं की खाली ओलसर, भुसभुशीत माती आणि गांडुळांची विष्ठा. मोजमाप केलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

मला छळलं ते गाळण्याने. जीवामृत आधी गोणपाटातून, मग सुती साडीच्या दुहेरी फडक्यातून गाळायचो. तंतू अडकतात, पण आंबलेल्या बेसनाचा बुळबुळीत गाळ फडक्यातूनही उतरतो. दर दहा मिनिटांनी फिल्टर उघडून धुवा, नळ्यांची टोकं सोडून फ्लश करा. एप्रिलमध्ये शेवटच्या दोन ओळींतली झाडं माना टाकायला लागली, तेव्हा ड्रिपर उघडून पाहिला. आत पिवळट, शेंबडासारखा थर. हा सेंद्रिय मळ काढायला नळ्यांतून क्लोरीन सोडावं लागतं. म्हणजे ज्या जिवाणूंसाठी एवढा खटाटोप, त्यांच्याच वाटेत क्लोरीन. त्या दिवशी माझं मन उडालं.

वेस्ट डीकंपोजर गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्राने 2015 मध्ये आणलं, तेव्हा बाटली 20 रुपयांना मिळायची. 200 लिटर पाण्याला 2 किलो गूळ, ना शेण ना बेसन. एका फडक्यातून गाळलं की ठिबकला चालतं. छाटणीच्या काड्यांवर शिंपडलं तर त्या लवकर कुजतात, असा माझा तरी अनुभव आहे. शिवाय 20 लिटर मागे ठेवलं की पुढचा ड्रम लागतो. मात्र तेच विरजण फार काळ फिरवू नका. आंबूस वास बदलून कुजकट यायला लागला की मी ड्रम रिकामा करतो आणि नवी बाटली घेतो. बाटली खात्रीच्या ठिकाणचीच घ्या. एकदा मी गावातल्या दुकानातून आणली होती, तिचा ड्रम आठ दिवसांतही आंबला नाही.

दावणीला देशी गाय आणि रानाला पाटपाणी असेल, तर कदाचित जीवामृतच बरं. बांधावरची मूठभर माती घातल्याने आपल्याच रानातले जिवाणू वाढतात, ते मला आजही पटतं. पण तयार झाल्यावर ते आठवडाभरात संपवावं लागतं. मध्येच पावसाची झड लागली की ड्रम वाया. ठिबकवाल्याने, माझ्या मते, त्या फंदात पडू नये.

घराजवळच्या आंब्याला आणि लिंबाला मी अजून जीवामृतच घालतो, आळ्यात, बादलीने.