हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा: पीएल-२५९ आणि एन कनेक्टर

मे महिन्यात माझ्या हौशी (हॅम) रेडिओच्या ॲन्टेनांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चांदीचा मुलामा दिलेले, आत टेफ्लॉन असलेले चार पीएल-२५९ आणि दोन एन कनेक्टर, म्हणजे ॲन्टेनाच्या केबलच्या टोकाला लावायचे जोड, आणले. आमचं घर हर्णै बंदरापासून हाकेच्या अंतरावर. आधीचे स्वस्तातले पीएल-२५९ भर जुलैत गेले होते. बाहेरची आट्यांची कडी गंजून जागच्या जागी धरली आणि केबल कापली तर हातभर आतपर्यंत तांब्याची जाळी काळीठिक्कर. म्हणून यंदा पैशाकडे पाहिलं नाही.

पीएल-२५९ ला यूएचएफ कनेक्टर म्हणतात, पण ते नाव १९३० च्या दशकातलं. आज ज्याला यूएचएफ बँड म्हणतात (३०० मेगाहर्ट्झच्या वर), तिथे तो वापरू नये. माझ्या दोन माडांमध्ये ताणलेल्या चाळीस मीटर बँडच्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या ॲन्टेनाला), म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, मात्र तो पुरेपूर आहे. टेफ्लॉनची किंमत सोल्डर करताना कळते. जुन्यात प्लॅस्टिक मऊ होऊन मधली पिन तिरकी व्हायची, इथे ती हलली नाही. चांदीवर सोल्डर पाण्यासारखं पसरतं. निकेलवर आधी कानस मारावी लागायची. आरजी-५८ सारख्या बारीक केबलला रिड्यूसर (भोक लहान करणारी नळी) वेगळा लागतो, तो आठवणीने मागून घ्या.

पण पीएल-२५९ मध्ये पाणी अडवायला काहीच नसतं. म्हणून छपरावरच्या टू मीटर बँडच्या (१४४ मेगाहर्ट्झच्या) ॲन्टेनाला एन लावला. बेल लॅब्जच्या पॉल नील यांच्या नावाचा हा कनेक्टर केबलचा ५० ओहमचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) शेवटपर्यंत राखतो आणि आत रबरी वायसर असतो. बसवायला मात्र कटकटीचा. पिन जराशी मागे राहिली तर टेकत नाही, पुढे आली तर समोरच्या सॉकेटच्या पाकळ्या फाकतात. माझी पहिली जोडणी मला कापून टाकावी लागली. शिवाय ७५ ओहमचेही एन मिळतात, त्यांची पिन बारीक असते, घेताना विचारा.

दोन्हींवर स्वतःशीच चिकटणारा रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळला, कौलं एकावर एक चढतात तसा. केबलला घरात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी पागोळीसारखं तिथेच गळतं.



दसऱ्याला टेप सोडला. एन आतून नवा कोरा. पीएल-२५९ वर टेपच्या कडेला चांदी थोडी काळवंडली आहे, एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) मात्र जूनमध्ये होता तोच, १.३. केबलच्या डायपोलकडच्या टोकालाही आता एनच घालणार आहे.