स्वस्त पाकीट की नावाजलेला ब्रँड? डिस्काउंट सुपरमार्केटमध्ये काय उचलावं, काय ठेवून द्यावं

डिस्काउंट सुपरमार्केटमधला माल स्वस्त असण्याची कारणं दोन, आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. एक म्हणजे दुकान चालवण्यात वाचवलेला खर्च. दुसरं म्हणजे पाकिटाच्या आत केलेली काटकसर. पहिल्याचा फायदा तुम्हाला मिळतो. दुसऱ्यात कमी भावात कमी माल मिळतो, इतकंच. त्याला बचत म्हणत नाहीत.

पहिल्या प्रकारची बचत अगदी खरी असते. जर्मनीत कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी 1962 मध्ये दुकानांना आल्डी हे नाव दिलं, आणि त्यांची पद्धत पुढे अनेक देशांत उचलली गेली: मोजके जिन्नस, प्रत्येकाचा बहुधा एकच आकार, माल खोक्यासकट फळीवर, जाहिरातीवर फारसा खर्च नाही, कामाला माणसं कमी. मोठ्या सुपरमार्केटमध्ये 30,000 च्या आसपास प्रकार असतात तिथे अशा दुकानात दीड-दोन हजार. साहजिकच एकेका वस्तूचा खप प्रचंड, म्हणून पुरवठादाराकडून भाव उतरवून मिळतो. शिवाय माल फळीवर पडून राहत नाही. ताजेपणाच्या बाबतीत अशी गर्दीची डिस्काउंट दुकानं भारी पण ओस दुकानांपेक्षा सरस ठरतात ती याच कारणाने.

दुसऱ्या प्रकारची बचत मात्र पाकीट उलटं केल्याशिवाय दिसत नाही.

'एकाच कारखान्यातला माल' हे अर्धसत्य

दुकानाचा स्वतःचा ब्रँड आणि नावाजलेला ब्रँड एकाच कारखान्यात तयार होतो, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कारखाना एक म्हणजे कृती एक नव्हे. त्याच यंत्रावर सकाळी 50 टक्के फळांचा जॅम भरला जातो आणि दुपारी 35 टक्क्यांचा. किती फळ, किती साखर, कोणतं तेल हे माल मागवणारा ठरवतो.

पडताळणी सोपी आहे. दोन्ही पाकिटं शेजारी धरा आणि घटकांचा क्रम बघा. वजनाने जे सर्वांत जास्त ते आधी, असा हा क्रम जवळपास सगळीकडे बंधनकारक आहे. मग 100 ग्रॅममागची प्रथिनं, फॅट, साखर आणि मीठ हे चार आकडे जुळवा. क्रम तोच आणि चारही आकडे दशांशापर्यंत तेच, तर कृती बहुतेक तीच. महाग पाकीट घेण्यात अर्थ नाही. मिठाचा किंवा साखरेचा आकडा ठळकपणे वेगळा निघाला तर माल वेगळा, मग कारखान्याचा पत्ता एकच का असेना.

भाव कशाचा काढायचा

फळीवरच्या चिठ्ठीवर किलोमागचा भाव बारीक अक्षरात असतो. तुलना त्याच आकड्याची करायची. तरीही तो तीन ठिकाणी फसवतो.

पहिलं ठिकाण तेल. एका बाटलीवर 1 लिटर आणि दुसरीवर 1 किलो असेल तर त्या सारख्या नाहीत. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण 915 ग्रॅम. म्हणजे किलोच्या बाटलीत सुमारे 9 टक्के तेल जास्त असतं. लिटरची बाटली 5 टक्क्यांनी स्वस्त दिसली तरी ती महागच.

दुसरं, डबाबंद माल. डब्यावर दोन वजनं असतात: निव्वळ वजन आणि निथळलेलं वजन. निव्वळ वजनात मिठाचं पाणीही धरलेलं असतं, आणि ते आपण मोरीत ओततो. समजा, काबुली चण्याचे दोन डबे आहेत, दोन्ही 400 ग्रॅमचे. स्वस्त डब्यात निथळलेले चणे 240 ग्रॅम, दुसऱ्यात 265, आणि दुसरा 10 टक्क्यांनी महाग. भागाकार केला तर दोन्ही डब्यांत चण्यांचा भाव जवळजवळ एकच येतो, उलट महाग डबाच केसभर स्वस्त पडतो. डब्यातला मासा, मशरूम, ऑलिव्ह, अननस यांनाही हाच हिशेब लागू. निथळलेलं वजन छापलेलंच नसेल आणि दुसरा पर्याय असेल, तर तो घ्या.

तिसरं ठिकाण फ्रोझन मासळी आणि कोळंबी. गोठवलेल्या तुकड्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात. मासा कोरडा पडू नये म्हणून तो लागतोच, पण त्याचं प्रमाण 5 टक्क्यांपासून 30 टक्क्यांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही वर जातं. समजा, 'अ' पाकिटात 5 टक्के बर्फ आहे आणि 'ब' पाकिटात 30 टक्के, आणि 'ब' 20 टक्क्यांनी स्वस्त आहे. 'अ'मध्ये किलोला 950 ग्रॅम मासा, 'ब'मध्ये 700. प्रत्यक्ष माशाचा भाव काढला तर 'ब' साडेआठ टक्क्यांनी महाग पडतं. बर्फ वगळून वजन छापलेलं नसेल तर घरी एकदा मोजून टाका: पाकिटातला माल काट्यावर ठेवा, मग चाळणीत घेऊन गार पाण्याच्या धारेखाली वरचा बर्फ जाईपर्यंतच धरा, टिपून घ्या आणि पुन्हा वजन करा. आतला मासा वितळू द्यायचा नाही, नाहीतर त्याचंही पाणी सुटेल आणि आकडा चुकेल.

मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो हा समजही एकदा तपासून बघावा. छोट्या पुड्यावर सवलत लागलेली असते तेव्हा मोठा पुडा सर्रास महाग पडतो.

डोळे झाकून स्वस्त घ्या

मीठ, साखर, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर, साधं व्हिनेगर. पांढरी साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. पाकिटावरच्या नावाने तिच्यात काही भर पडत नाही. फक्त मिठात आयोडीन आहे की नाही तेवढं बघा.

फ्रोझन मटार, मका, पालक हेही याच यादीत. काढणीनंतर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवल्यामुळे यांचा दर्जा फारसा घसरत नाही. महाग पाकिटातला मटार बारीक आणि एकसारखा निवडलेला असतो, एवढाच फरक. रश्श्यात तो कोणी मोजत नाही. पाकीट मात्र हाताने दाबून पाहा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. आत गठ्ठा झाला असेल किंवा आतून बर्फाचे जाड खडे लागत असतील, तर माल मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे.

ओट्स, सुक्या डाळी-कडधान्यं, साधं दूध, अंडी यांतही नावापेक्षा तारीख महत्त्वाची. सुकी कडधान्यं फार जुनी झाली की कितीही भिजवली तरी शिजत नाहीत, आणि वाचवलेले पैसे गॅसमध्ये जातात.

इथे मागची बाजू वाचा

दोन-तीन घटकांच्या पुढे गेलेल्या कुठल्याही वस्तूत काटकसर लपवायला जागा असते. ती बहुधा सगळ्यांत महाग घटकावर येते. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: यातला महाग घटक कोणता, आणि तो किती टक्के आहे?

चॉकलेटमध्ये तो कोको. डार्क चॉकलेटच्या यादीत साखर पहिली आली, तर पुढे कितीही सोनेरी अक्षरं असोत, ती मुळात साखरेची वडी आहे. कोको बटरच्या जागी पाम किंवा दुसरं वनस्पती तेल दिसलं तर तो वेगळाच जिन्नस. जिभेवर मेणासारखा थर राहतो तो त्याचाच. 70 टक्के कोकोची दोन चॉकलेटं असतील तर दुकानाच्या ब्रँडचं आधी घेऊन पाहायला हरकत नाही.

सॉसेज, नगेट आणि फिश फिंगरमध्ये मांस किंवा माशाची टक्केवारी बघा. 65 टक्के आणि 48 टक्के यांच्यातलं अंतर पावाच्या चुऱ्याने, स्टार्चने आणि पाण्याने भरलेलं असतं. कच्च्या चिकनच्या घटकांत 'पाणी, मीठ, स्थिरक' किंवा ई 450, ई 451 असे फॉस्फेटचे आकडे दिसले, तर मांसात पाणी टोचलेलं आहे. असं चिकन तव्यावर परतलं जात नाही, स्वतःच्याच पांढुरक्या पाण्यात उकडतं. जिथे घटक एकच आहे, 'चिकन', ते थोडं महाग असलं तरी घ्यावं.

लोणी आणि स्प्रेड यांत गल्लत फार होते, कारण डब्या आणि रंग हुबेहूब असतात. लोण्यात किमान 80 टक्के फॅट असतं. स्प्रेडमध्ये 60, कधी 40, उरलेलं बरंचसं पाणी. 60 टक्क्यांचा स्प्रेड लोण्यापेक्षा 25 टक्क्यांनी स्वस्त असेल तर तुम्ही काहीच वाचवलेलं नाही. वर केक आणि बिस्किटं बिघडतात ती वेगळीच.

फळांच्या पेयात 'ज्यूस', 'नेक्टर' आणि 'ड्रिंक' हे तीन शब्द तीन वेगळ्या वस्तू सांगतात. ज्यूस म्हणजे 100 टक्के फळाचा रस. नेक्टरमध्ये फळ साधारण 25 ते 50 टक्क्यांपासून पुढे, बाकी पाणी आणि साखर. ड्रिंकमध्ये फळ नावापुरतं असलं तरी चालतं.

आइस्क्रीम लिटरवर विकतात आणि तिथेच मेख आहे, कारण त्यात हवा घुसळलेली असते. डब्यावर ग्रॅममध्येही वजन असेल तर बघा: एक लिटर 480 ग्रॅम भरतं की 750? पहिल्यात निम्म्याहून जास्त हवा आहे. वजन छापलेलं नसेल तर दोन डबे दोन हातांत घ्या, फरक लगेच लागतो.

पास्त्यात ड्युरम गव्हाचा रवा आणि 100 ग्रॅममागे 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतील तर स्वस्त पुडा बिनधास्त घ्या. प्रथिनं 11 च्या खाली गेली की पास्ता बाहेरून गळतो आणि आत कच्चा राहतो. पृष्ठभाग खरबरीत, पिठूळ दिसला तर चांगलं. काचेसारख्या गुळगुळीत पास्त्याला सॉस धरत नाही.

एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलासाठी आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असावी लागते, पण ती जिभेला कळत नाही. तुम्ही बघायची ती बाटली आणि तारीख. गडद बाटलीतलं, याच हंगामाची काढणी लिहिलेलं दुकानाचं तेल हे दिव्याखाली महिनोन् महिने उभ्या असलेल्या पारदर्शक बाटलीतल्या मोठ्या ब्रँडपेक्षा चांगलं. मधाच्या बाबतीत मात्र घरगुती परीक्षा सोडून द्या. काडी पेटवणं, अंगठ्यावर थेंब ठेवणं, पाण्यात सोडणं यांतून भेसळ कळत नाही. आणि मध साखरेसारखा दाणेदार झाला तर तो खराब नाही. अनेक देशांचं मिश्रण असलेल्या अतिस्वस्त बाटलीपेक्षा ठिकाण आणि उत्पादक सांगणारी बाटली बरी. दळलेली मिरपूड आणि दालचिनी घेण्यापेक्षा अख्खी घ्या. ती स्वस्त दुकानातही चांगली मिळते.

ताजा माल: पिशवी की सुटा

बांधलेली पिशवी सुट्या फळांपेक्षा 20 टक्क्यांनी स्वस्त असेल, आणि पाचातलं एक फळ फेकावं लागलं, तर हिशेब बरोबरीत सुटतो. दोन फेकली की तोटा. त्यामुळे पिशवी उलटी करून तळाची फळं बघणं महत्त्वाचं. आत पाण्याचे थेंब साचलेले असतील तर बुरशी जवळ आली आहे. पालेभाजीचा आणि कोबीचा देठ बघा. कापलेली जागा ओलसर, फिकी असावी, तपकिरी आणि वाळलेली नको. बटाट्यावर हिरवा रंग चढला असेल तर नको, मग कितीही स्वस्त असो. जाता जाता दोन-तीन पिशव्या काट्यावर ठेवून पाहा. एकाच वजनाचा छाप असलेल्या पिशव्यांत फरक असतो, आणि जड पिशवीला जास्त पैसे पडत नाहीत.

तारीख जवळ आल्यामुळे उतरवलेला भाव

'या तारखेपर्यंत वापरा' आणि 'या तारखेपूर्वी उत्तम' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली सुरक्षिततेची: मांस, मासे, ताजे तयार पदार्थ. ती ओलांडायची नाही, वास चांगला येत असला तरी. आजारी पाडणारे कित्येक जंतू वास सोडत नाहीत. दुसरी चवीची: बिस्किटं, पास्ता, डबे. ती उलटून महिना झालेला, न फुगलेला आणि न चेपलेला डबा खाण्याजोगा असतो.

निम्म्या भावातलं मांस त्याच दिवशी शिजवणार असाल किंवा तारीख उलटण्याआधी गोठवणार असाल तरच घ्या. पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. कापून थेट फ्रीझरमध्ये टाका आणि गोठलेल्या फोडी तशाच भाजा.

चवीवरच अडलं असेल तर

घरच्यांना 'तोच ब्रँड' लागत असेल तर तीन वाट्यांची परीक्षा घ्या. दोन वाट्यांत एक माल, तिसरीत दुसरा. वाट्या आणि तापमान सारखं, वाट्यांखाली खुणेच्या चिठ्ठ्या. चाखणाऱ्याने वेगळी वाटी ओळखायची. अंदाजपंचे बरोबर यायची शक्यता तीनात एक असते, म्हणून एका फेरीवर विसंबू नका. क्रम बदलून सहा फेऱ्या घ्या, मध्ये पाण्याने तोंड धुवा. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर फरक खरोखर जाणवतो; नशिबाने इतकं जमायची शक्यता 2 टक्क्यांच्या आत आहे. तीन-चारच आले तर स्वस्त पाकीट चालेल. आणि वस्तू जशी खाता तशीच चाखायला द्या. टोमॅटोचा डबा सॉससाठी लागत असेल तर दोन्ही डब्यांचा सॉस करून. चमच्याने थेट डब्यातून चाखलेला फरक तासभर शिजवल्यावर बहुतेक वेळा उरत नाही.