शार्डोने घ्या, पण लाकडाचे पैसे देऊ नका: अकलूजच्या बाटलीबद्दल

सरळ मुद्द्यावर येते. कोल्हापुरात राहून, खिशाला फार चाट न लावता चांगली शार्डोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, प्यायची असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची साधी शार्डोने घ्या. त्यांचीच ओकच्या लाकडी पिंपातली, महागातली विते नको, आणि दुकानदार वरच्या कप्प्यातून काढून देतो ती स्वस्तातली इम्पोर्टेडही नको. दीड हजाराच्या आत एवढी नीट, स्वच्छ आणि आपल्या जेवणाला झेपणारी पांढरी वाइन मला तरी दुसरी मिळाली नाही. हे असं का ते जरा सविस्तर लिहिते, कारण शार्डोनेच्या बाबतीत द्राक्षापेक्षा वाइनमेकरने काय केलं यावरच चव आणि किंमत दोन्ही ठरतात, आणि ते कळलं की दुकानात उभं राहून फसायला होत नाही.

आधी दुकानाचं. आपल्याकडे वाइन शॉप म्हटलं तरी आत नव्वद टक्के व्हिस्की, रम आणि बिअर, वाइनला एखादा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात पांढऱ्यांमध्ये बहुतेक सुलाची शेनिन ब्लाँ नाहीतर सॉव्हिन्यों ब्लाँ. शार्डोने मागितली की शोधाशोध सुरू. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, स्टेशन रोड असं फिरलं की कुठेतरी मिळते, पण मिळाली म्हणून लगेच पिशवीत टाकू नका. शहरातल्या एका दुकानातून मी आणलेली बाटली शोकेसमध्ये थेट उन्हाच्या झळीत उभी होती, घरी उघडली तर रंग गडद पिवळा आणि वास शिजवलेल्या सफरचंदाचा, फळाचा ताजेपणा गायब. वाइन उन्हाने जाते, एप्रिल-मे मध्ये तर फारच लवकर जाते. म्हणून बाटली मागच्या बाजूची, सावलीतली मागा, एसी असलेलं दुकान असेल तर उत्तम, आणि लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, त्यामुळे साल म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीचं पीक. लाकूड न लावलेली शार्डोने दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते, जुनी म्हणजे भारी हा हिशोब इथे चालत नाही. तळाला काचेसारखे बारीक खडे दिसले तर मात्र घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी असतात.

आता खरी गोष्ट. शार्डोने हे द्राक्ष स्वतःहून फार काही बोलत नाही. सॉव्हिन्यों ब्लाँचा ग्लास नाकाशी नेला की लगेच गवत, पेरू, ढोबळी मिरची असं काहीतरी अंगावर येतं, तसं शार्डोनेचं नाही. थोडं सफरचंद, थोडं लिंबू, उबदार भागात पिकलं तर अननस, आंबा, खरबूज, बास. १९९९ मध्ये डीएनए तपासून कळलं की हे द्राक्ष पिनो न्वार आणि ग्वे ब्लाँ यांचं अपत्य आहे, आणि त्यातला हा ग्वे ब्लाँ फ्रान्समध्ये फार सामान्य प्रतीचा समजला जायचा. तरीही जगातल्या सगळ्यात महाग पांढऱ्या वाइन्सपैकी बऱ्याच याच द्राक्षाच्या. फ्रान्सच्या बर्गंडी भागात उत्तरेकडे शाब्लीला चुनखडीच्या जमिनीवरची, बहुतेक स्टीलच्या टाकीत बनवलेली शार्डोने पिलात तर ती आंबट, टोकदार, लिंबाच्या सालीसारखी. तिथून दक्षिणेला म्यूर्सोला गेलात तर तेच द्राक्ष ओकच्या पिंपात जाऊन जाड, लोण्यासारखं, बदामाच्या वासाचं होतं. माती आणि हवा वेगळी आहेच, पण फरकाचा मोठा हिस्सा तळघरात घडतो.

लोण्याचा तो वास कुठून येतो हे मला आधी कळायचंच नाही, वाटायचं काहीतरी घालत असतील. घालत काही नाहीत. पहिलं किण्वन झालं, साखरेचं अल्कोहोल झालं, की मग वाइनमध्ये एक दुसरा प्रकार करू देता येतो, मॅलोलॅक्टिक म्हणतात त्याला. हिरव्या सफरचंदात असतं ते बोचरं मॅलिक आम्ल बॅक्टेरिया खातात आणि त्याचं दह्यातलं मऊ लॅक्टिक आम्ल करतात, आणि हे होताना डायअॅसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, जो खऱ्या लोण्यातही असतो. म्हणजे लोण्याचा वास येतो तो खरोखर लोण्याचाच. थंड देशात आम्ल इतकं जास्त असतं की शार्डोनेला हे बहुतेकदा करावं लागतं, नाहीतर दात आंबतात. आपल्याकडे उलटं आहे. उन्हात द्राक्ष पिकलं की आम्ल झपाट्याने उतरतं, आणि उरलेलंही असं मऊ केलं तर वाइन बसकी, लोळणारी होते, दोन घोटांत कंटाळा. म्हणून गरम भागातला शहाणा वाइनमेकर द्राक्ष जरा लवकर तोडतो, शक्यतो पहाटेच्या गारव्यात, टाकी थंड ठेवतो आणि मॅलोलॅक्टिक अडवतो किंवा थोड्याच वाइनला होऊ देतो.

मग लाकूड. इथे पैसे जातात, नीट ऐका. फ्रेंच ओकचं नवं पिंप साधारण २२५ लिटरचं, म्हणजे ७५० मिलीच्या ३०० बाटल्या, आणि त्या एका पिंपाची किंमत आपल्या पैशात लाखाच्या घरात. एकदाच वापरलं तर बाटलीमागे तीनशे रुपये नुसते लाकडाचे झाले! पिंप पुढची काही वर्षं वापरतात, दर वर्षी त्याचा वास कमी होत जातो, त्यामुळे खर्च वाटला जातो हे खरं, पण तरी चांगलं लाकूड स्वस्तात येत नाही. तरीही स्वस्त बाटलीत व्हॅनिला, नारळ, धूर असा वास भरभरून आला तर बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत ओकच्या चकत्या नाहीतर फळ्या टाकलेल्या असतात. बेकायदा वगैरे काही नाही, जगभर करतात, पण पिंपात आतबाहेर जी हळूहळू हवा खेळते आणि वाइन गोलसर होते ते यात होत नाही, वास वर तरंगत राहतो आणि खाली वाइन पातळच. मला त्या चवीचा खरंच राग येतो, कारण पिणाऱ्याला वाटतं शार्डोने अशीच असते आणि मग तो परत कधी घेत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी लेबलवर सहसा लिहीत नाहीत. किण्वन झाल्यावर मेलेलं यीस्ट खाली बसतं, त्या गाळावर वाइन काही महिने तशीच ठेवली आणि अधूनमधून ढवळली तर तिला अंग येतं, ब्रेडसारखा हलका वास येतो, आणि हे लाकडापेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. कमी बजेटच्या बाटलीत मी हेच शोधते.

फ्रातेल्ली अकलूजची, म्हणजे सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, उसाचा पट्टा. २००७ मध्ये अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून सुरू केली, आणि वाइनमेकर टस्कनीचा पिएरो मासी. साखर कारखान्यांच्या मुलखात शार्डोनेच्या बागा हे ऐकायला अजब वाटतं पण हिवाळ्यात तिथे दिवस उबदार आणि रात्री गार, त्याचा फायदा होतो. आणि एक माहिती मला फार आवडते. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्सची लेबलं झाकून चव घेतली होती, त्यात पांढऱ्यांमध्ये शातो मॉन्टेलेनाची १९७३ ची शार्डोने बर्गंडीच्या नामांकित बाटल्यांना मागे टाकून पहिली आली. ती चाचणी भरवणारा स्टीव्हन स्परियर पुढे याच अकलूजच्या मंडळींबरोबर एम/एस नावाची वाइन करायला आला. लई भारी वाटतं राव हे वाचून.

आता फ्रातेल्लीच्या साध्या शार्डोनेकडे, ग्लासात काय आहे ते. रंग फिकट, कडेला जरा हिरवट झाक. थेट फ्रिजमधून काढून ओतली तर वास जवळपास नसतोच, पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग हिरवं सफरचंद, अननसाची फोड, थोडं मोसंबी असं एकामागून एक येतं. लाकडाचा वास नाही, व्हॅनिला नाही. तोंडात कोरडी, आंबटपणा बेताचा पण जागच्या जागी, आणि मधोमध थोडं वजन आहे, म्हणजे पाण्यासारखी नाही. शेवटाला अगदी हलका कडवटपणा, पपनसाच्या सालीचा, तो मला आवडतो, काहींना नाही आवडणार. कमी काय आहे? चव लवकर संपते. घोट गिळला की थोड्या वेळात विसरायला होतं, शाब्लीसारखी रेंगाळत नाही. या किमतीत मला ते चालतं.

जेवणाबरोबर मात्र ही बाटली खुलते. आमच्याकडे रविवारी मटणाचं ताट असतं, दाजी जेवायला आले होते, मी ग्लास पुढे केला तर म्हणाले, "अगं पांढऱ्या रश्श्याबरोबर वाइन? सोलकढी आण की." म्हटलं दाजी, एक वाटी रस्सा प्या आणि वर एक घोट घ्या. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाचं पाणी, सगळा मामला स्निग्ध, जिभेवर साय चढल्यासारखी होते, आणि ही वाइन ती साय उतरवते, पुढची वाटी परत पहिल्यासारखी लागते. दाजींनी दुसरा ग्लास स्वतःच ओतून घेतला. तांबड्याबरोबर पण चालते, फक्त गार हवी. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची आणि लाकडाची वाइन घेतलीत तर आग दुप्पट वाटते, तोंड भाजल्यासारखं होतं, म्हणून तांबडा असेल तेव्हा वितेसारखी पिंपातली बाटली उघडूच नका. रत्नागिरीकडून आलेली सुरमई रव्यात तळली असेल तर लिंबू पिळायची गरज नाही, हीच पुरते.

विते वाईट आहे असं मुळीच नाही. तिच्यात लाकूड नीट बसलंय, बदाम, भाजलेल्या पावासारखा वास, अंग भरीव. पण ती लोण्यातला झिंगा, क्रीमवालं चिकन, जुनं चीज यांच्याबरोबरची वाइन आहे, आणि फरकाचे पैसे लाकडासाठीच मोजायचेत. ज्याला ती चव हवी त्याने जरूर घ्यावी.

इम्पोर्टेडचं गणित वेगळं. बाहेरच्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी होती. २०२२ च्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानंतर ऑस्ट्रेलियाच्या वाइनला सवलत सुरू झाली, पण बाटलीची आयातीची किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तरच. म्हणजे तिथली सगळ्यात साधी बाटली इथे येते ती कर अंगावर घेऊन, आणि आपण दोन हजार मोजतो तेव्हा त्यातली खरी वाइन फार थोड्या पैशांची असते. तेवढेच पैसे अकलूजला दिले तर त्यातले तुलनेने जास्त वाइनमध्ये जातात. इम्पोर्टेड घ्यायचीच तर पैसे साठवून एकदाच चांगली शाब्ली घ्या, मधलं काही घेऊ नका.

बाटली संपली नाही तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस आरामात टिकते. त्यापुढे उरली तर मशरूमच्या भाजीत अर्धी वाटी घालून मोठ्या आचेवर आटवा, वर मिरपूड, नाद खुळा लागते.